माणसं गोष्ट सांगणारी होतात कशी? (आणि आमच्या आत्याबाई फोनसमोर गप्प का?)

संत्राबर्फी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांची मोठी बहीण, आमच्या आत्याबाई. वय एक्याऐंशी, मुक्काम नागपुरातलं नंदनवन. आयुष्य बिड्या वळण्यात गेलं, आधी भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात, मग कामठीला. शाळा दुसरीपर्यंत. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही अकरा पोट्टे गच्चीवर पाणी मारून, सतरंज्या टाकून त्यांच्याभोवती पडायचो आणि एकेक गोष्ट चार-चार रात्री चालायची. विजेचं भारनियमन आम्हाला कधी टोचलंच नाही.

गेल्या महिन्यात ठरवलं, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवायचं. कॉलरला लावायचा माइक मागवला. पंखा बंद केला, दार लावलं, आवाज नको म्हणून घरातल्या सगळ्यांना बाहेर काढलं. म्हटलं, हं, सांगा आता वाघाची गोष्ट. ही गोष्ट लहानपणी आम्हाला दोन रात्री पुरायची. त्यांनी एकदा त्या माइककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाल्या:

"एक बाई होती. घरी एकटी. वाघ आला, त्यानं इस्तो मांगतला. तिनं देल्ला. वाघ गेला. झालं."

रेकॉर्डिंग चार मिनिटं अकरा सेकंद. त्यातली दोन मिनिटं पाणी पिण्यात गेली.

मी म्हटलं, अहो असं काय, नीट सांगा ना. तर म्हणे, "तुहा फोन हूं म्हनत नाही वं."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळून राहिलं आहे. चार बहिणींनी त्याच गोष्टी ऐकल्या, मग सांगणाऱ्या ह्याच एक कशा झाल्या? असं माणूस तयार होतं कसं? तुमच्या घरात, गावात असं कुणी असेल तर लिहा.

भिवापुरी_ठेचा | रविवार, रात्री १०:०५

आत्याबाई शंभर टक्के बरोबर हायेत. आमच्याकडं त्याले हुंकारी भरणं म्हन्तेत. गोष्ट आयकाची असन तं हुंकारी भरा लागते, नाही तं सांगणारा थांबते. तुमी तं ताई हुंकारी भरणारे सारेच घराभाईर काहाडले. वरून पंखाबी बंद. मे महिन्यात बुढीले घामाघूम करून गोष्ट मांगता?

धरमपेठी | रविवार, रात्री १०:३०

मी वेगळं मत मांडतो. हे टॅलेंट आहे, विषय संपला. मी अधूनमधून ओपन माइक करतो. तोच विनोद, तेच शब्द, एकाने सांगितला तर हॉल पडतो आणि दुसऱ्याने सांगितला तर लोक समोसा उचलतात. टायमिंग पोटातून घेऊनच यावं लागतं. चार बहिणींपैकी एकीकडे होतं, तिघींकडे नव्हतं.

पुण्याची_सून_नागपूरची | रविवार, रात्री १०:३४

ओपन माइकला समोसा? आम्हाला कुठे बोलावत नाही कुणी.

टाळकरी | सोमवार, सकाळी ७:१५

धरमपेठी, टॅलेंटचं मला पटत नाही. स्वतःचीच फजिती सांगतो.

अकरावीत असताना कथाकथन स्पर्धेत नाव दिलं होतं. गोष्ट शब्दन् शब्द पाठ केली. आरशासमोर हातवारे बसवले. कुठे खाकरायचं तेही ठरलेलं. पहिली सहा मिनिटं झकास गेली. मग एक वाक्य होतं, "तेवढ्यात कडी वाजली". त्यातला "तेवढ्यात" आठवेना. कडी वाजली हे माहीत होतं, दारात कोण आहे तेही माहीत होतं, पण "तेवढ्यात" शिवाय माझी गाडी पुढे जाईना. नमस्कार केला आणि खाली उतरलो. टाळ्या वाजल्या, त्या जास्त लागल्या.

माझे मामाजी नारदीय कीर्तन करायचे, नागपूरच्या महाल भागात आणि आसपास. त्यांना हे कळलं तेव्हा म्हणाले, संध्याकाळी देवळात येत जा, झांज वाजव. दोन वर्षं तोंड उघडू दिलं नाही. मागे उभं राहायचं, झांज, धृपद धरायचं, बस. मला वाटायचं, फुकटचा साथीदार मिळाला म्हणून राबवून घेताहेत. (थोडं तेही होतंच. बिदागीतला वाटा कधी दिला नाही.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन निरूपण, मध्ये नामगजर, बुक्का, हार, आणि उत्तररंगात आख्यान. वारकरी कीर्तनात सहसा एकच अभंग शेवटपर्यंत चालवतात. रीत कुठलीही असो, नवा माणूस आधी साथीलाच उभा राहतो. चक्री कीर्तनात तर एकाच कीर्तनाचे तुकडे वेगवेगळे लोक करतात. पहिला थांबतो तिथून दुसऱ्याने उचलायचं. नवशिक्याला त्यात दहा मिनिटं मिळतात आणि त्या दहा मिनिटांत त्याचं सगळं पितळ उघडं पडतं.

दोन वर्षांनी मामाजींनी पहिला धडा दिला. म्हणाले, आख्यान पाठ करायचं नाही, मुक्काम पाठ करायचे. नागभीडला जाणारी छोटी लाईन आठवते ना? इतवारी, मग उमरेड, मग भिवापूर, मग नागभीड. स्टेशनं चुकवायची नाहीत. मधलं रान रोज वेगळं दिसणारच, कधी पाऊस, कधी रुळावर म्हैस. तू रानातली झाडं मोजून पाठ केली होतीस, म्हणून एक झाड चुकलं आणि रस्ता गेला. (ती छोटी लाईन २०१९ मध्ये बंद झाली, रुंदीकरणासाठी. मामाजी त्याआधीच गेले.)

दुसरा धडा याहून भारी होता. कीर्तनाला येणाऱ्या आज्या बसल्या-बसल्या कापसाच्या वाती वळतात, पाहिलं असेल. मामाजी म्हणायचे, लोकांच्या तोंडाकडे पाहू नको, तोंडं देवळात खोटं बोलतात. वाती वळणाऱ्या हातांकडे पहा. हात थांबले की आख्यान लागलं. हात परत चालू झाले की तू लांबण लावली आहेस, पुढचं स्टेशन घे.

मी आज हौशी कीर्तन करतो. अजूनही उभा राहिलो की आधी वातीवाली आजी शोधतो. आता मिळत नाही बहुधा, वाती पाकिटातल्या आणतात. मग कुणाचा तरी पाय बघतो.

प्रा_निवृत्त | सोमवार, सकाळी ११:५०

टाळकरी यांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. त्यांच्या मामाजींनी देवळात जे सांगितलं तेच हार्वर्डच्या एका अभ्यासकाने युगोस्लाव्हियात जाऊन शोधलं होतं.

मिलमन पॅरी. ग्रीक कवी होमरची महाकाव्यं कुणी लिहून पाठ केली की ती तोंडीच रचली गेली, हा त्यांचा प्रश्न. मेलेल्या होमरला विचारता येईना, म्हणून १९३३ ते १९३५ या काळात ते युगोस्लाव्हियात गेले, कारण तिथे गुस्ले नावाच्या एकतारी वाद्यावर वीरगाथा गाणारे जिवंत लोक होते. अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर ढिगाने गाणी उतरवून घेतली. १९३५ मध्येच पॅरी अकाली वारले. काम पुढे नेलं त्यांचे साहाय्यक अल्बर्ट लॉर्ड यांनी. त्यांचा ग्रंथ १९६० सालचा.

लॉर्ड यांनी शिकण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात मुलगा फक्त ऐकतो. थोरांच्या मैफिलीत कोपऱ्यात बसतो, त्यांच्या ठरीव ओळी कानात मुरतात. दुसऱ्यात तो एकांतात किंवा सवंगड्यांसमोर स्वतः गाऊन पाहतो, अडखळतो. तिसऱ्यात तो जाणत्या श्रोत्यांपुढे एक गाणं शेवटपर्यंत नेतो. ठरीव ओळी म्हणजे आपलं "आटपाट नगर होतं" किंवा "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण". त्या ओळी तोंड आपोआप म्हणतं आणि तेवढ्या वेळात डोकं पुढचं जुळवतं.

त्यांना अवदो मेजेदोविच नावाचा एक खाटीक भेटला. लिहितावाचता येत नव्हतं. पॅरीने एक प्रयोग केला. मुमिन नावाच्या दुसऱ्या गायकाकडून, अवदोला समोर बसवून, त्याने पूर्वी न ऐकलेलं एक गाणं गाऊन घेतलं. ते भरलं २,२९४ ओळींचं. मग अवदोला म्हटलं, आता तू गा. त्याने तेच गाणं ६,३१३ ओळींचं केलं. त्याचं सर्वांत मोठं गाणं १२ हजार ओळींच्या वर जातं.

आता संत्राबर्फी यांचा प्रश्न. अवदो यंत्रासमोर गायला, मग आत्याबाई का नाही? माझा अंदाज असा की तिथे यंत्र एकटं नव्हतं. पॅरीचा दुभाषा निकोला समोर बसलेला असे आणि तो स्वतः गुस्ले वाजवून गाणारा होता. म्हणजे जाणता श्रोता हजर होता.

भिवापुरी_ठेचा | सोमवार, दुपारी १२:१०

सर, मंजे निकोला हुंकारी भरत होता असंच ना? इतक्या लंबं जाऊन हेच सापडलं तं भिवापूरले काऊन नाही आले ते. मिरच्याबी भेटल्या असत्या.

प्रा_निवृत्त | सोमवार, दुपारी १२:४०

हो. असंच. :)

भिवापुरी_ठेचा | सोमवार, दुपारी १:२०

गंमत सोडा, एक खरं सांगतो. माहे मोठेबाबा खडी गंमतीत होते, मंजे आमच्याकडचा तमाशाच. रातभर उभ्यानं करतेत म्हणून खडी. शायीर म्होरं, ढोलकी, चोनकं, टाळ, अन् मांगं झिल ओढणारे. मोठेबाबा पयले पाच-सहा वर्स निस्ते झिलकरी. शायीर एक ओळ टाकते, झिलकरी तिचं शेपूट उचलते. एका रात्री गावात पंगत झाली, शायिराचं पोट बिघडलं. मधातच लोटा घेऊन पयाला. लोकं बसून हायेत. मोठेबाबानं झिल ओढता ओढता म्होरची ओळ टाकली. मंग तिच्याम्होरची. शायीर लोटा घेऊन परत आला तं गवळण सरून वग सुरू झाला होता. शायीर गुपचूप मांगं झिलकऱ्यात जाऊन उभा राह्यला.

त्या दिसापासून मोठेबाबा शायीर. मी म्हन्तो त्या पंगतीच्या वांग्याचे उपकार हायेत.

धरमपेठी | सोमवार, दुपारी ३:००

हाहा, वांग्याची भाजी जिंकली.

टायमिंगचं मी मागे घेत नाही. पण एक कबूल करतो. ओपन माइकला दोन प्रकारचे लोक येतात. एक, आपला सेट झाला की बॅग उचलून निघणारे. दुसरे, मागच्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसून सगळ्यांचे फसलेले सेटही ऐकणारे. दोन वर्षांत जे पुढे गेले ते सगळे मागच्या खुर्चीवालेच आहेत. मी? मी बॅगवाला. उद्यापासून बसून पाहतो.

उत्तर_नागपूर | सोमवार, रात्री ८:४५

चर्चा छान चालली आहे, पण एक गोष्ट सगळे ओलांडून जात आहेत. "कसे होतात" हा प्रश्न आपण विचारू शकतो, कारण आपल्याला निवड आहे. गोंधळ्याला कुणी विचारलं होतं का, बाबा तुला संबळ आवडते का? घरात जन्मला, गळ्यात पडली. गोंडांचे परधान घ्या. बाना वाजवून गोंडांच्या कुळकथा, देवकथा सांगणं हे त्यांचं पिढीजात काम, ठरलेल्या घरी ठरलेला मान. गोंड राजाचं नाव सांगणाऱ्या या शहरात परधानाची कथा कितीजणांनी ऐकली आहे?

आणि बायकांचं तर विचारूच नका. आमच्या वस्तीत छत्तीसगडी कुटुंबं बरीच आहेत (१९५६ पर्यंत आपण एकाच प्रांतात होतो आणि राजधानी नागपूर होती, हे विसरलं जातं). त्यांच्यामुळे पंडवानीची, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याच्या त्यांच्या कलेची, ओळख झाली. तीजनबाईंनी आपले आजोबा ब्रिजलाल पारधी यांच्याकडून महाभारत ऐकत ऐकत उचललं आणि तेराव्या वर्षी पहिला कार्यक्रम केला. बायांनी बसून गायचं असा रिवाज होता. या उभ्या राहिल्या, हातातला तंबुरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य. समाजाने वाळीत टाकलं. तीच बाई २०१९ मध्ये पद्मविभूषण झाली. मधल्या काळात तिने काय सोसलं ते "टॅलेंट" या शब्दात बसत नाही.

आणि हो, पंडवानीत एक "रागी" असतो. साथीलाच बसलेला. त्याचं काम हुंकार भरणं आणि मध्येच "मग काय झालं?" विचारणं. तिथे हुंकारीला स्वतंत्र माणूस नेमलेला आहे.

आता घरचं. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती. तेव्हा तिचं नवीनच लग्न झालं होतं. दरवर्षी दसऱ्याला बाहेरगावचे नातेवाईक, त्यांच्या ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे आमच्याकडे उतरायचे. तीस-चाळीस माणसं, अंगणात चुली. रात्री जेवणं झाली की कुणीतरी म्हणणार, आजी, तुम्ही होत्या ना तवा?

बाबा सांगतात, सुरुवातीला आजी दहा वाक्यांत संपवायची. आलो, बसलो, बाबासाहेबांना लांबून पाहिलं, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, गेलो. मग कुणी विचारलं, लुगडं पांढरं होतं का? कुठून आणलं? पुढच्या वर्षीपासून लुगड्याची गोष्ट आत आली: शेजारणीकडून उसनं घेतलं, परत करताना धुतलं तर नीळ जास्त झाली. कुणी विचारलं, वाटेत खाल्लं काय? भाकरीचं गाठोडं आत आलं. एका पोराने विचारलं, तू रडली का? त्या वर्षी आजी बराच वेळ बोललीच नाही. पुढच्या वर्षी स्वतःहून सांगितलं. माझ्या आठवणीतली ती गोष्ट दीड तासाची होती, आणि त्यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी प्रश्नावर उगवलेला होता. कुणी विचारलं होतं तेही ती गोष्टीतच सांगायची: "हे यवतमाळच्या पोरानं इचारलं होतं."

ती जन्मजात सांगणारी नव्हती. एरवी भाजीवाल्याशीसुद्धा दोन शब्द बोलायची नाही.

पुण्याची_सून_नागपूरची | सोमवार, रात्री ९:०२

उत्तर_नागपूर, हे कुठेतरी लिहून ठेवलंय ना तुम्ही? नसेल तर कृपया.

उत्तर_नागपूर | सोमवार, रात्री ९:१०

नाही. आजी २०११ मध्ये गेली. मला अर्धी येते. नीळेपर्यंत.

संत्राबर्फी | मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार, आणि उत्तर_नागपूर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

तुमचं वाचून आत्याबाईंना जरा उलटं विचारलं. गोष्ट सांगा असं नाही, तुम्ही कुणाजवळ बसत होत्या, असं. मग बोलल्या.

त्यांच्या गावी दुपारी सात-आठ बाया एका ओसरीत बिड्या वळायला बसायच्या. मांडीवर सुपडं, त्यात जर्दा आणि मापाने कापलेला, आदल्या रात्री भिजवलेला तेंदूपत्ता. पत्ता घ्यायचा, चिमूटभर जर्दा, वळायची, सूत बांधायचं, तोंड दुमडायचं. पंचवीसचा एक कट्टा. मजुरी हजारावर, म्हणजे चाळीस कट्टे झाल्याशिवाय हिशोब नाही. हातांना डोळे लागत नाहीत, त्यामुळे तोंड आणि कान मोकळे. त्यांत एक म्हातारी होती, गोष्टी तिच्या. आत्याबाई करून दाखवत होत्या, बिडी नसताना बोटं तशीच चालत होती: वाक्य सुरू होताना पत्ता उचलायचा आणि सुताची गाठ पडते तिथे वाक्य संपायचं. मला आत्ता कळलं की त्यांच्या गोष्टीतली सगळी वाक्यं एकाच लांबीची का असतात!

आता चार बहिणींचं. थोरली रांधायला घरी. दुसरी शेतावर. धाकटी पाळण्यात. आत्याबाई नऊ वर्षांच्या, बोटं बारीक, म्हणून त्यांना बिडीची तोंडं दुमडायला म्हातारीच्या शेजारी बसवलं. बस, एवढंच. गोष्ट त्यांना मिळाली कारण जागा मिळाली. धरमपेठी, सॉरी.

पण अजून एक आहे. म्हातारीला दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही, किंवा आठवत नाही असं दाखवायची. सुपडं मांडीवर घेतलं की पहिला प्रश्न, "कुठवर आलो होतो वं?" सगळ्या बाया या पोरीकडे बघायच्या. ती कालचं थोडक्यात सांगायची. मग थोडक्यात न सांगता जरा रंगवून. दोन वर्षांत म्हातारी "कुठवर आलो" विचारून गप्प बसायला लागली आणि पोरगी पुढे जायला लागली.

आता कालची गोष्ट. भाची आली आहे बंगळुरूहून, वय सात, मराठी तोडकंमोडकं. फोन हॉलमध्ये ठेवला, पंखा चालू, दिवा बंद. आत्याबाईंना म्हटलं, हिला झोप येत नाही, काहीतरी सांगा.

"एक बाई होती."

भाची: "ओके."

"ओके नको म्हनू. हूं म्हन."

"हूं."

"घरी एकटी. बाहेर पाऊस."

"हूं."

"दारात वाघ उभा. म्हनते, बाई, मले इस्तो दे."

"इस्तो काय?" मी सांगितलं, विस्तव, निखारा. भाची उठून बसली. "वाघाला फायर कशाला पाहिजे? तो कच्चंच खातो ना?"

आत्याबाईंनी मांडीवर थाप मारली. "तेच तं! त्या बाईनंबी तेच इचारलं!"

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. वाघीण बाळंत झाली आहे, गुहेत पाणी गळतंय, पिल्लं गारठली आहेत. बाई म्हणते इस्तो देते, पण तुझ्या तोंडात धरून नेशील कसा? मग शेणाची गोवरी, मग गाडगं, मग गाडगं फुटलं, मग बाईला स्वतःलाच सोबत निघावं लागलं. आम्ही अकरा पोरांनी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं की वाघाला विस्तव कशाला हवा. आम्ही वाघाला भ्यायलो आणि हूं म्हणत राहिलो.

सव्वा तास. नदीच्या काठापर्यंत आल्या, बाई पुढे, वाघ मागे, पूर आलेला. हूं आलं नाही. पाहिलं तर भाची झोपलेली. आत्याबाई तिथेच थांबल्या, पदर सारखा केला आणि कूस बदलली.

भिवापुरी_ठेचा | मंगळवार, रात्री १०:३१

अन् मंग? बाई नदी पार गेली का नाही?

संत्राबर्फी | मंगळवार, रात्री १०:३८

मीही विचारलं. म्हणाल्या, तू काहून जागी हायेस, झोप.

सकाळी चहाच्या वेळी भाचीला विचारत होत्या, कुठवर आलो होतो वं? तिने सांगितलं, वाघ आणि ती आंटी नदीवर आले आणि वाघाला स्विमिंग येत होतं. असं काही आत्याबाईंनी सांगितलेलं नव्हतं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच गप्प केलं.

आज रात्री पुढचा भाग आहे. जेवणं झाली आहेत, जाते.